युरोबॅग रिकामी, बीपी छान: सर्जरीच्या पहिल्या वर्षात मी जिथे फसलो

सर्जरीला जेआर-वन (पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर) म्हणून रुजू झालं की पहिले काही महिने डोक्यात फक्त टाक्यांच्या गाठी आणि ओटी असते. माझ्याही होती. किडनी हे नेफ्रोलॉजीवाल्यांचं खातं, आपण पोट उघडायचं नि मिटायचं. हा समज एका रात्रीत उतरला, पण त्याची किंमत पेशंटने मोजली.

तीन दिवस जुनं ड्युओडेनल पर्फोरेशन, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीला पडलेलं भोक. साठ किलोचा शेतमजूर, गावाकडे पोटदुखीसाठी डायक्लोफिनॅकची इंजेक्शनं घेऊन आलेला. पोटभर पू, आतडी सुजून फुगलेली. शीथ (पोटाच्या स्नायूंवरचं घट्ट आवरण) अक्षरशः ओढून शिवलं. रात्री अकराला ताशी ५० मिली लघवी, एकला २५, तीनला १०. बीपी ११०/६०. मी आरएल सलाईनच्या पाचशे मिलीच्या चार बाटल्या सोडल्या. नाही. मग लॅसिक्स, लघवी वाढवणारं औषध. तरी नाही. पहाटे भूलतज्ज्ञ मॅडम आल्या. युरोबॅगकडे (लघवीच्या पिशवीकडे) बघितलंसुद्धा नाही, पोटावर हात ठेवला.

"प्रेशर मोजलंस?"

मी बीपी सांगितलं.

"ते नाही रे. पोटातलं."

तेव्हा लक्षात आलं की मी रात्रभर फक्त येणाऱ्या रक्ताचा विचार करत होतो. जाणाऱ्याचा नाहीच. किडनीची शीर पातळ, तिच्यातला दाब कमी. पोट ताठलं की आधी ती दबते. रक्त बाहेर पडत नाही, किडनी सुजते. पण तिच्यावर कॅप्सूल (घट्ट वेष्टन) आहे, फुगायला जागा नाही. मग सूज आतल्याच केशवाहिन्यांना चेपते. त्यात मी दोन लिटर ओतलेले. गळक्या केशवाहिन्यांतून त्यातलं बरंच आतड्यांच्या भिंतीत गेलं, पोट आणखी ताठलं. म्हणजे उपाय म्हणून मी दाबच वाढवत होतो.

आता हा हिशेब कागदावर मांडून बघा, नुसता वाचू नका. किडनीतल्या गाळणीला मिळणारा दाब ढोबळमानाने एमएपी (धमन्यांतला सरासरी रक्तदाब) वजा पोटातल्या दाबाची दुप्पट. दुप्पट का? एकदा तो रक्ताला आत येताना अडवतो, दुसऱ्यांदा नलिकेच्या बाजूने उलटा रेटतो. एमएपी ९० आणि पोटातला दाब ६ असेल तर ७८ उरतात. माझ्या पेशंटचा एमएपी ७७, पोटातला दाब २२. उरले ३३. मॉनिटर हिरवा आणि किडनीच्या हाती निम्म्याहूनही कमी.

मोजायला काही महागडं लागत नाही. पेशंट उताणा, फोलीतून (लघवीच्या नळीतून) मूत्राशयात जास्तीत जास्त २५ मिली सलाईन, मिड-ॲक्सिलरी रेषेवर (काखेच्या मध्यातून खाली जाणाऱ्या) शून्य, मिनिटभर थांबून श्वास सोडल्यावर वाचायचं. पेशंट कण्हत-कुंथत असेल तर आकडा फुगतो. आणि साध्या नळीने मोजलंत तर आकडा सेंटिमीटर पाण्यात येतो, त्याला १.३६ ने भागा, म्हणजे मिमी पारा मिळतो. आमच्या नळीत ३० दिसत होतं. मी ते पाऱ्याचेच ३० धरून आणखी घाबरलो होतो. १२ किंवा जास्त दाब टिकून राहिला तर सावध. २० च्या वर टिकला आणि नवीन अवयव बिघडला, तर ते ॲब्डॉमिनल कंपार्टमेंट सिंड्रोम.

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी शिकलेलं एकच परत आठवा. हृदयातून निघालेलं २०-२५ टक्के रक्त किडनीला जातं, पण त्यातला साधारण दहावा भागच मेड्युलात (किडनीच्या आतल्या भागात) पोचतो. तिथे ऑक्सिजनचा दाब १०-२० मिमी, आणि हेन्लेच्या लूपची (मूत्रनलिकेच्या वळणाची) जाड फांदी तेवढ्यावर सोडियम उपसत असते. घर श्रीमंत, स्वयंपाकघर उपाशी. सेप्सिसमध्ये (संसर्गाने अवयव बिघडू लागतात तेव्हा) तर एकूण रक्तपुरवठा नॉर्मल किंवा जास्त असूनही किडनी बसते. ऑस्ट्रेलियात मेंढ्यांवर केलेल्या प्रयोगांत हेच दिसलं. एंडोथेलियम (रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर) सुजलेलं, काही केशवाहिन्या बंद, काहींतून रक्त आडवाटेने निसटतं. त्यात डायक्लोफिनॅकने प्रोस्टाग्लँडिन बंद केलं की आत येणारी धमनिका उघडी ठेवणारा आधारही जातो. पेरिटोनायटिसला (पोटाच्या आतल्या आवरणाच्या सुजेला) पेनकिलर म्हणून ते लिहू नका. कोणी सांगितलं तरी नको.

माझं एक मत आहे, पटलं नाही तरी चालेल: "लॅसिक्स मारून बघू" हे सर्जरी वॉर्डातलं सगळ्यात आळशी वाक्य आहे. बॅग भरली की आपलं मन शांत होतं, किडनीचं काही भलं होत नाही. केडिगो या आंतरराष्ट्रीय किडनी संस्थेच्या २०१२ च्या गाइडलाइनमध्येही पाणी जास्त झालेलं नसेल तर एकेआयवर (किडनी अचानक बिघडण्यावर) लॅसिक्ससारखं डाययुरेटिक नको असंच आहे. एमसीक्यूच्या ॲपवर दोनशे प्रश्न सोडवून हे कळत नाही. रात्री तीनला भूलतज्ज्ञांशी बोललं की कळतं. आपल्याकडे त्यांना फक्त "फिटनेस द्या" म्हणायला फोन जातो, ते वेगळंच दुखणं.

आता हे वाचून पहिल्या तासातलं फ्लुइड आखडू नका. पेरिटोनायटिसचा पेशंट येतो तो खरोखर कोरडाच असतो, त्याला पाणी लागतंच. प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या बाटलीनंतर लघवी वाढली नाही तर काय, एवढाच. तेव्हा पोटाला हात लावा, राइल्स ट्यूब (नाकातून जठरात घातलेली नळी) चालू आहे का बघा, दुखणं कमी करा, प्रेशर मोजा आणि सीनियरला उठवा. ओरडतील. उठवा.

आणि सकाळच्या क्रिएटिनिनवर (किडनी बिघडली की रक्तात साठणारा घटक) विसंबू नका. माझा रिपोर्ट आला १.२, मी खूश. दुसऱ्या दिवशी ३.४. किडनी आज बिघडते, क्रिएटिनिन उद्या-परवा सांगतं.

त्या दिवशी नऊ वाजता पोट परत उघडलं, बोगोटा बॅग (उघड्या पोटावर तात्पुरतं शिवायचं प्लास्टिक) लावली. दुपारी युरोबॅगेत ४० मिली लघवी दिसली, तासाची. दोन डायलिसिस लागल्याच. घरी गेला तेव्हा क्रिएटिनिन १.३ होतं; पोट मिटवायला मात्र आणखी दोन वेळा ओटीत न्यावं लागलं, आणि तिसऱ्यांदा शीथ ओढायची वेळ आली तेव्हा मॅडमनी नळी आधीच जोडून ठेवली होती.