नव्या घराच्या मुख्य दारासाठी कुलूप कसे निवडावे

घरफोडीच्या बातम्यांत ‘बंद सदनिकेच्या दाराचा कडी-कोयंडा उचकटून’ हे शब्द इतक्या नेमाने येतात की वाचणाऱ्याचे तिकडे लक्षही जात नाही. कुलूप घ्यायला निघालेल्या माणसाने मात्र तिथे जरा थांबावे. कोयंडा उचकटला गेला, याचा अर्थ कुलूप बहुतेक वेळा शाबूतच राहिले. निघाले ते कोयंडा धरून ठेवणारे चार आखूड स्क्रू आणि त्यांच्याभोवतीचे लाकूड. म्हणून नव्या घराचे कुलूप निवडताना दुकानापासून सुरुवात करू नये, स्वतःच्या दारापासून करावी. दार आणि चौकट जेवढी ताकद पेलू शकतात, त्यापेक्षा भारी कुलपावर खर्च केलेला पैसा दिसतो चांगला, पण कामाला येत नाही.

आधी दार आणि चौकट तपासा

मोजपट्टी घेऊन दाराची जाडी मोजावी. इमारतींतील सदनिकांना बहुधा फ्लश डोअर, म्हणजे दोन्ही बाजूंनी सपाट फळीचे दार असते आणि मुख्य दारासाठी ते किमान 35 मिमी जाडीचे, भरीव गाभ्याचे असावे. भरीव फ्लश दारांसाठी आयएस 2202 हे भारतीय मानक आहे. दाराच्या कडेवर किंवा मागे तसा शिक्का आहे का, ते पाहावे. शिक्का सापडला नाही तर मधोमध आणि कडेला बोटांच्या पेरांनी वाजवून पाहावे. पोकळ दाराचा आवाज सहज ओळखू येतो. अशा दारात कुलपाच्या जागी आतून लाकडी ठोकळा बसवलेला असतो आणि तो कधी कधी एकाच बाजूला असतो, त्यामुळे कुलपाची उंची किंवा बाजू बदलायची असल्यास सुताराला ते आधीच विचारावे.

जाडीला एवढे महत्त्व कशासाठी, ते मॉर्टिस कुलपाकडे पाहिले की कळते. या कुलपाची पेटी दाराच्या कडेत खाच पाडून आत सरकवावी लागते. पेटी 16 मिमी जाड आणि दार 30 मिमीचे असले, तर खाचेच्या दोन्ही बाजूंना जेमतेम सात-सात मिमी लाकूड उरते. एवढ्या पातळ भिंतीवर जोराची लाथ बसली, तर कुलूप कितीही महाग असले तरी दार तिथेच उभे फाटते. दार बदलणे शक्य नसेल, तर पातळ दाराला खाच न पाडता पृष्ठभागावर बसणारे कुलूप घेणे अधिक शहाणपणाचे ठरते.

चौकटीची परीक्षा त्याहून सोपी आहे. दार उघडून चौकट दोन्ही हातांनी हलवून पाहावी, आणि चौकट व भिंत यांमधील फट सिमेंटने भरली आहे की नुसती पट्टी मारून झाकली आहे, हेही पाहावे. कुलपातून बाहेर सरकणारा दांडा, म्हणजे बोल्ट, चौकटीवरील ज्या धातूच्या पट्टीत शिरतो ती पट्टी बिल्डरच्या कामात बहुधा अर्धा-पाऊण इंची स्क्रूंवर उभी असते. ते काढून तीन इंची, म्हणजे साधारण 75 मिमी लांबीचे स्क्रू चौकटीतून पार भिंतीपर्यंत गेले, की दाराला बसणारा धक्का भिंत घेते. जुन्या वाड्यांच्या दारामागे आडवा सरकणारा अडसर असे. त्याचे टोक भिंतीतच घातलेले असल्यामुळे दार ढकलणाऱ्याला वाड्याची भिंत ढकलावी लागे. आजच्या कोणत्याही चांगल्या कुलपाकडून हेच अपेक्षित आहे. स्क्रू बदलायला शे-दीडशे रुपयांच्या वर खर्च येत नाही, आणि माझ्या मते संपूर्ण कामातील सर्वांत मोलाचा खर्च हाच.

कोणत्या प्रकारचे कुलूप

आल्ड्रॉप, म्हणजे दारावर बाहेरून बसवलेली जाड सरकती कडी, आणि त्यात अडकवलेले लोंबते कुलूप ही आपल्याकडची सर्वांत जुनी आणि स्वस्त व्यवस्था. मुंबईत लालबागला 1897 साली आर्देशीर गोदरेज यांनी कुलपांचा उद्योग सुरू केला, आणि तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरांना भक्कम लोंबत्या कुलपांची सवय आहे. कुलपावर लिव्हरची, म्हणजे चावीने उचलल्या जाणाऱ्या आतील पट्ट्यांची, संख्या लिहिलेली असते आणि ती जितकी जास्त तितके कुलूप बनावट चावीने उघडणे अवघड. परंतु पहारीने कोयंडा उपटणाऱ्याला लिव्हर मोजण्याची गरज पडत नाही. शिवाय बाहेर लोंबणारे कुलूप घरात कोणी नाही ही बातमी जिन्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला देते. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत हा दोष विशेष नडतो. आल्ड्रॉप जादा आधार म्हणून असू द्यावा, पण एकट्यावर विसंबू नये. त्याचे बोल्ट आरपार घालून आतून नट लावलेले असावेत.

नाइट लॅच दाराच्या आतल्या पृष्ठभागावर बसतो. त्याचा मोठा गुण म्हणजे दार ओढले की ते आपोआप लागते, आणि मोठा दोषही तोच. लॅचची जीभ एका बाजूने तिरकी कापलेली असते, म्हणूनच ती पट्टीवर घासत आत दबते आणि भोकासमोर आली की स्प्रिंगने बाहेर येते. जी जीभ नुसत्या दाबाने मागे सरकते, ती फटीतून घातलेल्या लवचीक प्लॅस्टिकच्या पट्टीनेही सरकू शकते. चौकोनी कापाचा ठोक बोल्ट, ज्याला डेडबोल्ट म्हणतात, असा सरकत नाही, कारण त्यामागे स्प्रिंग नसते. तो चावी किंवा नॉब फिरवल्याशिवाय हलत नाही. बाहेर जाताना ‘दहा मिनिटांत तर यायचे आहे’ म्हणून नुसते दार ओढून जाण्याची सवय अनेक घरांत दिसते. अशा वेळी दार केवळ तिरक्या जिभेवर टिकून असते, मग कुलूप कितीही नामांकित असो. ज्या लॅचमध्ये बाहेरून चावीचा जादा वेढा दिल्यावर जीभ जखडली जाते किंवा वेगळा बोल्ट पुढे येतो, तोच लॅच घ्यावा.

मुठीसह येणारे मॉर्टिस कुलूप नव्या सदनिकांत सर्रास दिसते. त्यात लॅच आणि डेडबोल्ट दोन्ही एकाच पेटीत असतात, त्याचा बाहेर दिसणारा भाग कमी असल्याने पहार लावायला जागा मिळत नाही, आणि ते दिसतेही नीटनेटके. खरेदीच्या वेळी चावी फिरवून बोल्ट पूर्ण बाहेर काढावा आणि मोजावा. तो 20 मिमीपेक्षा कमी येत असेल तर दुसरे पाहावे. दोन वेढ्यांत दोन टप्प्यांनी बाहेर येणारा बोल्ट अधिक चांगला. याच वर्गात तीन किंवा अधिक बोल्ट एका चावीने चालवणारी कुलपे मिळतात आणि तळमजल्यावरील सदनिका, रो-हाउस किंवा बंगला असेल तर तीच घ्यावीत. चौथ्या-पाचव्या मजल्यावरील घराला, खाली रखवालदार असताना, एक उत्तम मॉर्टिस कुलूप आणि एक स्वतंत्र डेडबोल्ट पुरेसा होतो.

सिलिंडर आणि चावी

कुलपाची पेटी हे त्याचे शरीर आणि चावी जिथे घालतो तो सिलिंडर हे त्याचे डोके, असे समजण्यास हरकत नाही. सिलिंडरमध्ये स्प्रिंगवर बसलेल्या पिना असतात; योग्य चावीचे दाते त्यांना नेमक्या उंचीवर आणतात तेव्हाच आतील गोल भाग फिरतो. साध्या दात्यांची चावी रस्त्यावरचा चावीवाला पाहता पाहता कापून देतो. दोन्ही सपाट बाजूंवर खळगे असलेली चावी, जिला बाजारात ‘कॉम्प्युटर चावी’ म्हणतात, तिची नक्कल करायला वेगळे यंत्र लागते, ती घ्यावी. युरोपीय मानकाचा उल्लेख असलेल्या सिलिंडरवर ईएन 1303 असे लिहिलेले असते. चावीच्या सुरक्षिततेच्या त्याच्या श्रेण्या 1 ते 6 असून आकडा जितका मोठा तितके चांगले.

सिलिंडरची लांबी मात्र बहुतेक ग्राहक विचारतच नाहीत. मधल्या स्क्रूपासून दोन्ही बाजूंची लांबी मोजतात, म्हणजे 60 मिमीचा सिलिंडर 30 आणि 30 असा. तो दाराच्या आणि मुठीखालच्या दोन्ही पट्ट्यांच्या एकूण जाडीला जुळला पाहिजे. बाहेरच्या पट्टीपुढे तो दोन-तीन मिमीपेक्षा जास्त डोकावत असेल, तर पकडीने धरून वाकवता येतो, आणि मधल्या स्क्रूच्या भोकाजवळ धातू सर्वांत कमी असल्यामुळे तो नेमका तिथेच मोडतो. दुकानदाराकडे हाताशी असलेले माप मुकाट्याने घेऊन येऊ नये.

किनारपट्टीवर, म्हणजे मुंबईपासून सिंधुदुर्ग-गोव्यापर्यंत, खाऱ्या हवेचा विचार वेगळा करावा लागतो. चकचकीत मुलामा दिलेल्या हलक्या मिश्रधातूवर काही पावसाळ्यांत फोड येतात. पितळी सिलिंडर आणि 316 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची पट्टी व मूठ तिथे टिकते.

घरात राहणाऱ्यांचा विचार

आतून बाहेर पडायला चावी लागेल असे कुलूप मुख्य दाराला कधीही लावू नये. आग लागली, धूर झाला, दिवे गेले, अशा वेळी चावी शोधत बसणे शक्य नसते. आतून नॉब आणि बाहेरून चावी हीच रचना घरासाठी योग्य. दोन्ही बाजूंनी चावीचा सिलिंडर आधीच बसलेला असेल, तर निदान आत चावी अडकलेली असतानाही बाहेरून दुसऱ्या चावीने उघडता येणारा सिलिंडर घ्यावा. साध्या सिलिंडरमध्ये हे होत नाही.

आई बाहेर, गॅसवर दूध, आत दोन वर्षांचे मूल आणि वाऱ्याने ओढले गेलेले दार ही कहाणी मुंबई-पुण्याच्या अग्निशमन दलाच्या जवानांना चांगली परिचयाची आहे. घरात लहान मूल असेल तर आपोआप लागणारी जीभ गरजेनुसार मागे अडकवून ठेवता येते का, हे तपासावे आणि आतील कडी मुलाच्या हाताला लागणार नाही इतकी उंच बसवावी. वृद्ध माणसे असल्यास उलट विचार करावा लागतो: संधिवाताच्या बोटांना छोटा गोल नॉब फिरवता येत नाही, लांब दांड्याची मूठ चालते.

डिजिटल कुलूप घ्यायचे असल्यास

बोटाचा ठसा, आकडे, कार्ड किंवा मोबाइल यांवर चालणारी कुलपे आता जिल्ह्याच्या गावीही मिळतात. चाव्या वाटाव्या लागत नाहीत, स्वयंपाकाच्या मावशींना सकाळी ठरावीक वेळेतच चालणारा वेगळा आकडा देता येतो आणि काम सुटले की तो पुसता येतो. भाडेकरू बदलणाऱ्या घराला तर हे फार सोयीचे. पण दार अडवून धरणारा बोल्ट इथेही लोखंडाचाच असतो, म्हणून पडद्यावरील दिव्यांआधी आतील मॉर्टिस पेटी पाहावी. किंमत साध्या कुलपाच्या काही पट असते.

ही कुलपे बहुधा चार किंवा आठ एए सेलवर चालतात, त्यामुळे वीज गेल्याने अडत नाही. सेल उतरत आल्याची सूचना मिळते. ती दुर्लक्षिली तर बाहेरून 9 व्होल्टची बॅटरी किंवा यूएसबी जोडून तात्पुरते उघडता येण्याची सोय बहुतेकांत असते, ती आहे याची खात्री करावी. चावीने उघडण्याची सोयही हवीच, आणि ती चावी घरातल्या कपाटात ठेवण्यात काही अर्थ नाही. ती जवळच्या नातेवाइकाकडे असावी. भांडी घासणाऱ्या, शेतात किंवा बांधकामावर राबणाऱ्या हातांचे आणि वृद्धांचे ठसे झिजलेले असतात, ओल्या बोटांनाही यंत्र दाद देत नाही, म्हणून घरातील प्रत्येकाने दुकानातच बोट लावून पाहावे. कारखान्यातून आलेला मूळ आकडा पहिल्याच दिवशी बदलावा. उन्हापावसात उघड्या असलेल्या बंगल्याच्या दारासाठी सदनिकेचे मॉडेल घेऊ नये. आणि दुरुस्तीला माणूस आपल्या गावात येतो की पुण्याहून यावा लागतो, हा प्रश्न सवलतीच्या आधी विचारावा.

सेफ्टी डोअर

बाहेर जाळीचा दरवाजा लावल्यास समोरच्याशी मुख्य दार उघडून, तरीही सुरक्षितपणे बोलता येते. तो बहुधा बाहेर उघडतो, त्यामुळे त्याच्या बिजागऱ्या जिन्याच्या बाजूला राहतात. खिळी काढता न येणाऱ्या बिजागऱ्या घ्याव्यात. सोसायटीची परवानगी आणि नमुना आधी विचारून घ्यावा.

केव्हा आणि कसे बसवावे

ताबा मिळाल्याबरोबर महागाचे कुलूप बसवण्याची घाई नको. फर्निचर, रंग, वायरिंगची कामे संपेपर्यंत चाव्या पाच-सहा जणांच्या हातांतून जातात. तोवर बिल्डरचेच कुलूप चालू द्यावे आणि शेवटचा कामगार गेला की नवे बसवावे. तेवढे बजेट नसेल तर मॉर्टिस पेटी तशीच ठेवून केवळ सिलिंडर बदलला तरी जुन्या सर्व चाव्या निकामी होतात. पेचकस हाताळता येणाऱ्याला हे काम घरीही जमते.

बसवताना पट्टीतील भोक बोल्टच्या मापाचेच असावे, पण त्यामागची चौकटीतील खाच बोल्ट पूर्ण बाहेर येईल इतकी खोल हवी. सुताराने खाच अर्धीच पाडली तर चावी दुसरा वेढा घेत नाही आणि मालकाला वाटते कुलूपच कडक आहे. पावसाळ्यात लाकूड फुगते, म्हणून दार आणि चौकट यांत सुमारे 3 मिमी फट राखावी. उन्हाळ्यात घट्ट बसवलेले दार जुलैत चौकटीवर घासू लागते, बोल्ट भोकासमोर येत नाही आणि मग घरातील मंडळी खांदा लावून चावी फिरवतात, ज्यात शेवटी चावीच मोडते. असे झाल्यास पट्टी एक-दोन मिमी सरकवून घ्यावी. सिलिंडरमध्ये खोबरेल किंवा मशीनचे तेल घालू नये, त्यावर धूळ चिकटून पिना अडकतात. ग्राफाइटची पूड फुंकावी.

सुताराचे पैसे देण्यापूर्वी दार उघडे ठेवून आणि नंतर बंद करून प्रत्येक चावी दोन्ही बाजूंनी फिरवून पाहावी. पाकिटात आलेले चावीच्या क्रमांकाचे कार्ड कोणाला दाखवू नये, त्यावरून नवी चावी मागवता येते. ते घराच्या कागदपत्रांच्या फायलीत ठेवावे.