ड्रॅग स्ट्रिपवर पावसाचं सावट असेल तर क्लबचा दिवस कसा आखावा

आमच्या क्लबच्या तिसऱ्या ड्रॅग डेला, म्हणजे सरळ पट्टीवर (ड्रॅग स्ट्रिपवर) गाड्या पळवून वेळ मोजण्याच्या दिवसाला, 23 गाड्या आल्या होत्या. गेट सकाळी 8 ला उघडलं. आभाळ भरलेलं होतं, पण कोरडं होतं. मी सगळ्यांना एकत्र बोलावून सूचना दिल्या, गाड्यांवर नंबर चिकटवले, ओळीत उभ्या करून फोटो काढले. पहिली गाडी सुटली 10:40 ला आणि 11:25 ला पाऊस सुरू झाला. तेवढ्यात 9 जणांचा रन झाला, उरलेले 14 जण तसेच परतले. त्यांतल्या एकाने नवा क्लच बसवण्यासाठी सलग तीन शनिवार-रविवार गाडीखाली घालवले होते. त्याची गाडी रांगेतून पुढे सरकलीच नाही. तो मला एका शब्दाने बोलला नाही. पण त्याने हेल्मेट पुन्हा पिशवीत घातलं, ते अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

पाऊस माझ्या हातात नव्हता. सकाळचे कोरडे अडीच तास मात्र होते, आणि ते मी घालवले. तेव्हापासून आमचा प्रत्येक ड्रॅग डे मी पाऊस येणारच असं धरून आखते. ती आखणी इथे देते आहे.

चार थेंबांत स्ट्रिप का बंद होते

नवीन मंडळींना हे आधीच समजावून सांगा, नाहीतर ऐनवेळी ट्रॅकवाल्यांशी वाद होतात. सुरुवातीच्या भागावर चिकट रेझिन फवारलेलं असतं आणि त्यावर टायर घासून रबराचा थर चढवलेला असतो. कोरड्यात त्यावरून चाललात तर बूट चिकटतात. रस्त्याच्या खडबडीत पृष्ठभागात पाण्याला शिरायला जागा असते, इथे ती रबराने बुजलेली असते. त्यात स्लिक टायरना खाचा नसतात, म्हणजे पाणी टायरमधूनही बाहेर पडत नाही. रस्त्यावर जी भुरभुर तुम्ही वायपरच्या एका फटक्यात विसराल, तीच इथे चाकाखाली साबण होते. सुरुवातीलाच चाकं फिरली तर फार बिघडत नाही, ॲक्सिलरेटर सोडला की भागतं. पण अर्ध्या ट्रॅकवर, पूर्ण ताकद लावलेली असताना मागची चाकं सुटली तर शेजारी भिंत असते.

म्हणून स्ट्रिप बंद करायची की नाही, हे फक्त ट्रॅकवाले ठरवतात. क्लबच्या वतीने मी त्यांना कधीही ‘एकच रन होऊ द्या ना’ असं म्हणत नाही आणि कुणाला म्हणू देत नाही. 1955 मध्ये अमेरिकेत एनएचआरए या ड्रॅग रेसिंगच्या संघटनेची पहिली राष्ट्रीय स्पर्धा कॅन्ससमधल्या ग्रेट बेंडला भरली होती. पावसाने ती अर्धवट राहिली आणि शेवटच्या फेऱ्या नोव्हेंबरमध्ये ॲरिझोनात, फीनिक्सजवळ घ्याव्या लागल्या. एवढ्या मोठ्या स्पर्धेलाही थांबावंच लागलं होतं.

आदल्या दिवशी

अंदाज पाहताना दिवसभराची टक्केवारी बघू नका, तासातासाचा अंदाज बघा. ‘पावसाची शक्यता 60 टक्के’ यावरून काहीच ठरवता येत नाही. ‘11 पर्यंत कोरडं, नंतर सरी’ यावरून अख्खा दिवस मांडता येतो. सकाळी रडारची दोन चित्रं अर्ध्या तासाच्या अंतराने बघा. ढगांचा पट्टा तेवढ्या वेळात 20 किलोमीटर सरकला असेल आणि अजून 60 किलोमीटर लांब असेल, तर तुमच्याकडे साधारण दीड तास आहे. ढग वाटेत जिरतात किंवा नवे तयार होतात, म्हणून मी त्यातून वीसेक मिनिटं वजा करते.

संध्याकाळचं सत्र असेल तर पावसाइतकंच दवाचं भय असतं. आकाश स्वच्छ असतं आणि तरी स्ट्रिप निसरडी होत जाते, कारण जमिनीचं तापमान दवबिंदूपर्यंत उतरलं की हवेतलं पाणी तिच्यावर जमतं. हवामानाच्या ॲपमध्ये दवबिंदू दिलेला असतो. मी एक इन्फ्रारेड थर्मामीटर जवळ बाळगते. ट्रॅकवाल्यांची परवानगी घेऊन कडेने पृष्ठभागाचं तापमान मोजते. दोन्हींत तीन अंशांहून कमी फरक उरला की आमच्या लोकांना सांगते, आता जोर लावू नका, ही शेवटची फेरी समजा.

ट्रॅकवाल्यांना आधीच विचारून उत्तरं लेखी घ्या: पावसाने दिवस गेला तर पुढची तारीख मिळते का, किती रन झाल्यावर दिवस ‘झाला’ असं धरतात, आणि पाऊस थांबल्यावर किती वेळ वाट पाहून बंद जाहीर करतात. ही उत्तरं सदस्यांना त्याच रात्री कळवा. भिजलेल्या माणसाला नियम समजावून सांगणं फार अवघड जातं.

सकाळचा क्रम

सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे. नियम एकच: प्रत्येक गाडीचा एक रन होईपर्यंत कुणीही दुसऱ्यांदा रांगेत लागायचं नाही.

त्यासाठी तपासणी आदल्या रात्री, घरीच झालेली हवी. बॅटरी घट्ट बांधलेली आहे का, चाकांचे नट आवळलेले आहेत का, इंजिनखाली कुठे गळती नाही ना, कूलंटची ओव्हरफ्लो बाटली जागेवर आहे का, सीटबेल्ट आणि हेल्मेट ट्रॅकच्या नियमात बसतात का, हे सगळं बघायचं. डिकी रिकामी हवी. प्रत्येकाने झाकणाचा एक डबा आणि ताडपत्रीचा तुकडा आणायचा. डिकीतलं सामान डब्यात, डबा ताडपत्रीखाली. आल्याआल्या गाडी थेट ट्रॅकच्या तपासणीच्या रांगेत लावायची. सूचना मी रांगेतच, गाडीगाडीपाशी जाऊन देते. फोटो शेवटी, पावसात निघाले तरी चालतात.

रांगेत पुढे कोण, यावर मी बराच विचार केला आहे. ज्यांनी आयुष्यात एकही रन केलेला नाही, ते सर्वांत पुढे. त्यांच्यासाठी शून्य आणि एक यांत जेवढा फरक आहे, तेवढा आम्हा जुन्यांसाठी चौथ्या आणि पाचव्यात नाही. त्यांच्यामागे स्लिक किंवा ड्रॅग रेडियल (जवळजवळ बिनखाचांचे, स्ट्रिपसाठीचे टायर) लावलेले, कारण पाऊस यायच्या आत त्यांना चाकं बदलायची असतात आणि ओल्या जमिनीवर जॅक लावणं धोक्याचं असतं. रोजच्या टायरवर आलेले अनुभवी लोक शेवटी. त्यांना घरी जायला काही बदलावं लागत नाही.

ही पद्धत सुरू केल्यावर पहिल्याच खेपेला तो क्लचवाला रांगेत सर्वांत पुढे होता. 8:50 ला त्याची गाडी सुटली. त्या दिवशीही 11 च्या सुमारास पाऊस आला, पण तोवर सगळ्याच्या सगळ्या 26 जणांच्या हातात टाइमस्लिप, म्हणजे रनच्या वेळा छापलेली चिठ्ठी होती.

तो एक रन नीट कसा करायचा

एकच संधी आहे असं धरून चाला. साधे, खाचांचे टायर असतील तर सुरुवातीच्या पाण्याच्या जागेतून गाडी नेऊ नका, वळसा घालून जा. ते पाणी स्लिकवाल्यांच्या बर्नआउटसाठी, म्हणजे चाकं जागेवर फिरवून टायर तापवण्यासाठी असतं. तुमच्या टायरच्या खाचा ते उचलून थेट स्टार्ट लाइनवर सांडतात आणि तुमचा व मागच्याचा, दोघांचाही रन घसरतो.

रांगेत शिरल्यापासून एसी बंद ठेवा. एसीचं पाणी गाडीखाली ठिबकतं. दमट दिवशी यातली फसगत अशी, की काच धुरकट झाली म्हणून माणूस समोरच्या काचेचा डीफॉगर लावतो आणि कित्येक गाड्यांत त्यासोबत एसीचा कॉम्प्रेसर आपोआप सुरू होतो. त्याऐवजी स्टेजिंगच्या, म्हणजे स्टार्ट लाइनवर गाडी लावण्याच्या जागेच्या जवळ येईपर्यंत खिडक्या थोड्या उघड्या ठेवा आणि आतून काच कोरड्या सुती फडक्याने पुसा. ते फडकं मांडीवर नको, दाराच्या कप्प्यात ठेवा.

हिरवा दिवा लागला म्हणून घाबरून क्लच सोडू नका. तुमची वेळ मोजायला सुरुवात होते ती गाडी स्टार्ट लाइनवरच्या प्रकाशकिरणातून बाहेर पडल्यावर, दिवा लागल्यावर नाही. उशिरा निघालात तर शर्यत हराल, पण वेळ बिघडणार नाही. नवख्याला मी नेहमी सांगते, हिरवा बघ, एक श्वास घे, मग सोड.

स्लिप हातात आली की खालचा मोठा आकडा नंतर, आधी 60 फुटांचा बघा. म्हणजे पहिल्या 18 मीटरची वेळ. तिथे दशांश सेकंद वाचवला तर पाव मैलाच्या, म्हणजे 402 मीटरच्या शेवटी साधारण त्याच्या दीडपट ते दुप्पट फायदा दिसतो. गाडी कुठे कमी पडली हे एकाच स्लिपवरून कळायचं असेल, तर तो आकडा तिथे आहे.

आणि पावसाळी हवेतल्या वेळेवरून गाडीला दोष देऊ नका. पाण्याच्या वाफेचा रेणू हवेच्या सरासरी रेणूपेक्षा हलका असतो, 29 च्या तुलनेत 18. म्हणून दमट हवा विरळ असते आणि तेवढ्याच सिलिंडरमध्ये ऑक्सिजन कमी जातो. त्यात हवेचा दाब उतरलेला असतो. टर्बो नसलेल्या इंजिनाला हे जास्त जाणवतं. स्लिपच्या मागे त्या वेळचं तापमान, आर्द्रता आणि दाब लिहून ठेवा. कोरड्या, गार दिवशी तीच गाडी पुन्हा पळवाल तेव्हा तुलना करता येईल.

पाऊस सुरू झाल्यावर

आधी विजांचं बघा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत 30 सेकंदांहून कमी वेळ लागला, तर वीज 10 किलोमीटरच्या आत आहे. सगळ्यांनी टपाच्या गाडीत बसून काचा लावायच्या. तंबू किंवा छत्री हा आसरा नव्हे. आमच्या तंबूला लोखंडी खांब आहेत, म्हणून गडगडाट ऐकताच मी तो आधी रिकामा करते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं. वारा सुटायच्या आत तंबूचं कापड उतरवा. उडालेला तंबू गाडीच्या काचेवर आदळतो.

गाड्या चिखलात किंवा गवतावर हलवू नका. खाचांत बसलेला चिखल नंतर स्टार्ट लाइनवर गळतो आणि ट्रॅकवाल्यांची मेहनत वाया जाते. त्याच कारणाने स्ट्रिपवर पायी फिरायचं नाही.

ट्रॅक वाळवायला वेळ लागतो आणि तो का लागतो हे पाहण्यासारखं असतं. आधी पाणी ओढून काढतात, मग ब्लोअर फिरवतात. वरून कोरडं दिसलं तरी काँक्रीटच्या सांध्यांतून ओल वर येत राहते. ती थांबली की पुन्हा रेझिन फवारतात, पुन्हा टायर घासतात. मी घड्याळ लावून पाहिलं आहे: चांगलं ऊन पडलं असूनही, रिमझिम थांबल्यापासून पहिली गाडी सुटेपर्यंत पावणेदोन तास गेले. म्हणून ट्रॅक बंद व्हायच्या तीन तास आधीपर्यंत उघडीप मिळाली नाही, तर मी दिवस संपल्याचं जाहीर करते. ही वेळ सकाळीच सांगून ठेवते. वाट बघणं लोकांना जमतं, किती वेळ ते माहीत नसलं की मात्र चिडचिड होते.

उघडीप मिळून स्ट्रिप पुन्हा सुरू झालीच, तर मागे राहिलेल्यांना आधी सोडा. पाऊस सरकून गेल्यावरची गार हवा इंजिनाला मानवते, तेव्हा त्यांना चांगली वेळ मिळण्याची संधी असते. पण पहिल्या दोन गाड्या कमी ताकदीच्या असू द्या आणि त्यांचे चालक काय सांगतात ते ऐका.

घरी जाताना

स्ट्रिपवर पकड मिळावी म्हणून बरेच जण मागच्या टायरमधली हवा कमी करतात आणि पावसाच्या घाईत ती परत भरायची राहते. टायर पाण्यावर कुठल्या वेगाला तरंगायला लागतो, याचा नासाने विमानांच्या टायरवरून काढलेला एक ढोबळ ठोकताळा आहे: हवेच्या दाबाचं, म्हणजे पीएसआयच्या आकड्याचं वर्गमूळ गुणिले 9, उत्तर नॉटमध्ये. 32 पीएसआयला तो वेग सुमारे 94 किलोमीटर प्रतितास येतो आणि 18 पीएसआयला 71. टायरची झीज आणि साचलेलं पाणी यांनी तो आणखी बदलतो. पण मागची चाकं पुढच्यांच्या आधी तरंगली की गाडीची शेपटी फिरते, हे कुठल्याही टायरवर खरं आहे. ड्रॅग रेडियलला खाचा नावापुरत्याच असतात. त्यांवर पावसात रस्त्याला लागायचं नाही, कायद्याने चालत असले तरी. दुसरी चाकं आणली नसतील तर पाऊस थांबून रस्ता निथळेपर्यंत मी त्यांच्यासोबत थांबते. चाकं बदललेल्यांनी थोडं अंतर गेल्यावर उतरून नट पुन्हा आवळायचे.

हवा भरायचा पंप आणि दाब मोजायचं मीटर क्लबच्या डब्यात असतं. शेवटचा तास मी बाहेरच्या गेटपाशी उभी राहते आणि प्रत्येक गाडीचे मागचे दोन्ही टायर मोजल्याशिवाय तिला सोडत नाही. गेल्या खेपेला पंधराव्या गाडीत 19 निघाले. चालवणारा म्हणाला, सकाळीच भरली होती. आम्ही दोघांनी पावसात उभं राहून ती 32 पर्यंत भरली.