जुन्या टीममध्ये परतणारी सुपरहिरोइन लिहिताय? या चुका टाळा

शनिवारी संध्याकाळी कर्वे रोडवरच्या एका अमृततुल्यात आम्ही चार-पाचजण आपापल्या कॉमिकच्या स्क्रिप्ट घेऊन बसतो. यंदा तीन स्क्रिप्टांमधली नायिका टीम सोडून गेलेली आणि परत येऊ पाहणारी निघाली. तिन्ही गोष्टींनी शेवटाकडे मान टाकली. त्यातली एक माझीच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे परत येणाऱ्या नायिकेला एखादा जंगी पराक्रम करायला लावायचा आणि टीमनं टाळ्या वाजवायच्या. माझ्या सौदामिनीनं तेच केलं. खडकवासल्यातून पाणी सोडलंय, भिडे पूल बुडालाय, नदीपात्रात अडकलेली बस ती एका हातानं उचलते. पान दिसायला झकास! पण ती टीममधून गेली होती कशामुळे? मोहिमेत वायरलेस बंद करून एकटीच पुढे घुसली आणि धाकट्या ओंकारचा पाय गेला. तिच्या ताकदीबद्दल कुणाला शंका नव्हतीच. शंका होती ती कुणाचं ऐकेल का याची. मग बस उचलून सिद्ध काय झालं?

दुरुस्ती करताना पूर तोच ठेवला. ओंकारला कुबड्यांसह लकडी पुलावर उभा केला, म्हणजे प्रवाहाच्या वरच्या अंगाला. तो वायरलेसवर म्हणतो, "ताई, थांब." पाणी बसच्या खिडक्यांना लागलंय. पुढच्या दोन चौकटींत ती नुसती थांबते. कठडा धरलेली बोटं, बाकी काही नाही. मग मुळासकट उपटलेलं झाड पुलाखालून सुसाट निघून जातं. ते त्याला दिसत होतं, तिला नाही. "आता जा." बस उचलणं मी एका छोट्या चौकटीत उरकलं. (भिडे पूल आधी बुडतो की लकडी, हे मात्र चुकवू नका. पुण्यातला वाचक गोष्ट सोडून तेवढंच धरून बसेल.)

दुसरी चूक टीमला खडूस करण्याची. त्यांचा नकार रास्त वाटला नाही, तर तिला परत घेण्यालाही वजन येत नाही. इथे कॅरल डॅनव्हर्स बघाच. १९६८ साली मार्व्हल कॉमिक्सच्या पानांवर आलेली ही बाई १९९८ मध्ये वॉरबर्ड या नावानं ॲव्हेंजर्समध्ये परतली, तेव्हा तिची शक्ती ओसरलेली होती, दारू वाढली होती आणि दोन्ही ती लपवत होती. टीमनं तिला जाब विचारला, ती तडकून निघून गेली. वाचताना कॅरलची दया येते, पण टीमचं काही चुकलं असं वाटत नाही. शिवाय व्यसनातून गेलेला टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, त्याच टीमचा. जाब विचारणाऱ्यांतच तिचं दुखणं नेमकं ओळखणारा एकजण असणं, ही त्या लेखनातली खरी करामत.

माफीचं भाषण हा आमच्याकडचा खास रोग. संवादाचे सात फुगे भरून पश्चात्ताप, मागे पाऊस. एका चौकटीत दोन फुगे पुरे. "माझं चुकलं" हेही मोघमच. "वायरलेस मी मुद्दाम बंद केला" असं ती ओंकारला, त्याच्या तोंडावर म्हणाली की काम झालं.

एकमतानं स्वागत टाळा. कुणीतरी घुश्श्यात राहू दे. ती नव्हती तेव्हा तिचं काम कोण करत होतं, हेही ठरवा. बहुतेक जण हे विसरतात आणि टीम जणू तिच्यासाठी जागा राखून बसली होती असं वाटतं. माझ्या सुधारलेल्या शेवटच्या पानावर सौदामिनी जुन्या कप्प्यापाशी जाते, तर त्यावर दुसऱ्याच कुणाचं कुलूप. ती बॅग खाली जमिनीवर ठेवते आणि रात्रपाळीच्या तक्त्यात आपलं नाव शोधते. नाव आहे, पेन्सिलीनं लिहिलेलं.