नव्या कोचचा पहिला हंगाम कसा पाहावा: अमेरिकन कॉलेज फुटबॉल

अमेरिकेत शिकायला गेलेल्या पोराच्या युनिव्हर्सिटीने नवा हेड कोच आणला, की पहिल्या तीन सामन्यांतच घरचे निकाल लावून मोकळे होतात. तिथेच फसगत होते.

ऑगस्टअखेर हंगाम सुरू होण्याआधी संघाची यादी काढा आणि प्रत्येक नावापुढे लिहा: जुना, हायस्कूलमधून आलेला, की ट्रान्सफर पोर्टलमधून (म्हणजे दुसऱ्या युनिव्हर्सिटीतून बदली घेऊन). पोर्टलमधून आलेला याच नव्या कोचकडे आधी खेळलेला असेल, तर त्यावर वेगळी खूण करा. इंडियानाचा संघ 2023 मध्ये 12 पैकी 3 सामने जिंकला होता. नवे कोच कर्ट सिग्नेटी आले ते त्यांच्या आधीच्या जेम्स मॅडिसन युनिव्हर्सिटीतले डझनभर खेळाडू आणि दोन्ही कोऑर्डिनेटर (आक्रमण आणि बचाव सांभाळणारे सहायक कोच) घेऊन. त्यामुळे डावपेच नव्याने घोटवायची गरज फारशी उरली नाही, आणि 2024 चा हंगाम 11-2 (11 विजय, 2 पराभव) झाला.

मग वेळापत्रक. इंडियानाने दुबळ्या वेस्टर्न इलिनॉयला 77-3 ने धुतलं. अशा निकालातून काहीही कळत नाही, तो बाजूला ठेवा.

सामना पाहताना पहिले काही डाव चेंडूवरची नजर काढून ऑफेन्सिव्ह लाइनच्या, म्हणजे पुढे उभं राहून प्रतिस्पर्ध्यांना अडवणाऱ्या, पाच जणांवर ठेवा. हे सगळ्यात अवघड, पण सगळ्यात जास्त सांगणारं. 2023 मध्ये नवे कोच डिऑन सँडर्स यांच्या कोलोराडोने पहिले तीन सामने जिंकले आणि देशभर गाजावाजा झाला. शेवट 4-8. क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) शेडूर सँडर्स त्या हंगामात 52 वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडला गेला. पोर्टलमधून रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) एका उन्हाळ्यात मिळतो; पण एकमेकांचा अंदाज असलेले पाच लाइनमन तसे मिळत नाहीत.

धावफलकापेक्षा स्वतःची नोंद बरी. 10 यार्ड पुढे जायला संघाला चार प्रयत्न मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. पहिल्या डाउनला हव्या असलेल्या यार्डांपैकी निम्मे मिळाले तर बरोबरची खूण, दुसऱ्याला उरलेल्यांपैकी 70 टक्के, तिसऱ्या-चौथ्याला सगळे. म्हणजे पहिल्यावर 10 पैकी 4 मिळाले तर फुली. पुढे उरलेल्या 6 पैकी 5 मिळाले तर खूण. शंभरात चाळीसेक खुणा म्हणजे साधारण संघ. चौथ्या क्वार्टरमध्ये एक बाजू तीन टचडाउनने (चेंडू शेवटच्या रेषेपार नेला की टचडाउन) पुढे गेली की मोजणं थांबवा, कारण मैदानावर राखीव पोरं येतात.

फंबल, म्हणजे खेळाडूच्या हातून सुटलेला चेंडू, कुणाच्या हाती पडतो, हे बरंचसं नशिबावर. त्यामुळे फंबल उचलून आणि 8 गुणांच्या आतल्या फरकाने जिंकलेले सामने वेगळे लिहा. पुढच्या वर्षी त्यांवर भिस्त ठेवू नका.

पंटकडे (चेंडू लाथेने दूर मारून प्रतिस्पर्ध्याला देणं) मात्र कुणी बघतच नाही! ओहायो स्टेटविरुद्ध इंडियानाच्या पंटरच्या हातून स्नॅप (पुढून मागे फेकलेला चेंडू) निसटला आणि मध्यंतराआधी टचडाउन गेला. मध्यंतरानंतर केलेब डाउन्सने पंट 79 यार्ड परत आणला. निकाल 15-38.

नोव्हेंबर संपला की कोऑर्डिनेटर टिकतात का ते पाहा. ते गेले, तर यादीवरच्या खुणा नव्याने कराव्या लागतील.