कॉल सुरू असताना हॉटस्पॉट बंद पडू नये म्हणून

फोन आला की लॅपटॉपचं इंटरनेट तुटतं, याचं नेहमीचं कारण व्होल्टी, म्हणजे ४जीवरूनच कॉल करण्याची सोय, बंद असणं. व्होल्टी नसेल तर कॉलसाठी फोन ४जी सोडून ३जी किंवा २जीवर उतरतो. ३जीवर डेटा रखडत का होईना चालतो, २जीवर बहुधा थांबतोच. सेटिंग्जमध्ये मोबाइल नेटवर्क उघडून आपल्या सिमखाली ‘व्होल्टी’ किंवा ‘४जी कॉलिंग’ सुरू करा. मग हॉटस्पॉट लावून कॉल करा आणि वरच्या पट्टीत पाहा: ४जी किंवा ५जीचं चिन्ह टिकलं, तर काम झालं.

दोन सिम असतील तर गोम वेगळी. डेटा एका सिमवर आणि कॉल दुसऱ्यावर आला, की बहुतेक फोनांत पहिल्याचा डेटा थांबतो. कॉलपुरता डेटा दुसऱ्या सिमवर वळवण्याची सोय असेल तर ती चालू करा; त्या सिमवरही डेटा पॅक हवा, हे विसरू नका. सगळ्यात सोपं म्हणजे कॉल आणि डेटा एकाच सिमवर ठेवणं.

ब्लूटूथ हेडसेटवर आवाज तुटत असेल तर हॉटस्पॉटचा बँड २.४ऐवजी ५ गिगाहर्ट्झ करा. दोन्ही २.४वर असले की एकमेकांत ढवळाढवळ करतात. मात्र ५चा पल्ला कमी, आणि जुन्या उपकरणांना तो दिसतच नाही.

लांबलचक कॉल असेल तर सरळ यूएसबी टेदरिंग वापरा, म्हणजे फोनचं इंटरनेट लॅपटॉपला केबलने द्या. फोन कमी तापतो, शिवाय लॅपटॉपवरून चार्जही होत राहतो.