एचओ (खऱ्याच्या १/८७ आकाराचा) मॉडेल रेल्वे लेआउट: अवजड दिसणारे रूळ आणि सांध्यावर उडणारी चाकं

फोटोत इंजिन खरं वाटायचं, रूळ मात्र अवजड. गंजाचा रंग, जादा खडी, कशानेही फरक पडेना. फार वैताग आला. कारण उंचीत होतं. कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागांत. ८७ ने गुणलं की कोड १०० भरतो ८.७ इंच! अमेरिकेतला खरा १३२ पौंडी (यार्डाला १३२ पौंड वजनाचा) रूळ साधारण ७.१ इंचांचा. म्हणून मुख्य मार्गाला कोड ८३, सायडिंगला (बाजूच्या मार्गाला) ७०.

८३ आणि ७० च्या सांध्यासाठी जॉइनरचा (दोन रूळ जोडणाऱ्या धातूच्या पट्टीचा) अर्धा भाग पक्कडीने चपटा करा. उरलेला ८३ वर सरकवा. ७० चा रूळ चपट्या भागावर ठेवा. माथा आणि आतली कड जुळवा, मगच सोल्डर. आत ओघळलेलं सोल्डर कानशीने काढा. खोल फ्लँजची (चाकाच्या आतल्या कडेची) जुनी चाकं ७० च्या रूळ धरणाऱ्या खिळ्यांना घासतात. आरपी-२५ (कमी खोल फ्लँजच्या प्रमाणित आकाराची) चाकं घासत नाहीत.