पावसाळ्यात कार्बन फायबर करताय? आधी हे वाचा

घरी कार्बन फायबरचं काही करायचंच असेल तर थेट गाडीच्या बोनेटला हात घालू नका, आरशाच्या कव्हरपासून सुरू करा, २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचं) ट्विल, म्हणजे तिरक्या विणीचं कार्बन कापड वळणावर बऱ्यापैकी बसतं. पण खरी गोची पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये होते, हवेत ओल असली की इपॉक्सीवर (कापडात मुरवून कडक होणाऱ्या रेझिनवर) मेणचट, चिकट थर येतो आणि आपल्याला वाटतं रेझिन सुकलंच नाही. माझं पहिलं कव्हर असंच, वर बोट फिरवलं तर साबण लावल्यासारखं, आणि मी शहाणा तसाच पॉलिश पेपर मारत बसलो, सगळा थर पेपरातच भरला. तो थर कोमट पाणी आणि भांडी घासायच्या हिरव्या घासणीने आधी धुवायचा, पुसून कोरडा करायचा, मगच ओला पॉलिश पेपर. हार्डनर (रेझिनमध्ये मिसळायचा, ते कडक करणारा घटक) अंदाजे नाही हं, डब्यावरचं प्रमाण वजनाचं असेल तर डिजिटल काट्यावरच मोजा, आणि रेझिन पसरट ट्रेमध्ये ओता, खोल कपात ते स्वतःच तापून धूर सोडतं. हातमोजे, मास्क हवेतच, ती काळी धूळ भयंकर खाजते. शेवटी यूव्हीवाला क्लिअर कोट (उन्हाचे अतिनील किरण अडवणारा पारदर्शक थर) मारा, नाहीतर उन्हात पिवळं पडतं.